उघाडीचा ठोकळा

साळखारच्या मारुतीच्या देवळात सप्ताहाचा तिसरा दिवस होता. दुपारचं प्रवचन चाललेलं, दीडशे माणूस मांडी घालून बसलेलं, आणि त्यात घाम फुटला तो एकट्या हिरामणला. चैत्राचा उकाडा होता हे खरं, पण उकाडा काय एकट्याला होतो? बाकीची मंडळी टोपीनं, पदरानं वारा घेत आरामात ऐकत होती. हिरामणच्या हातातला टाळ मात्र ओला झाला होता.

प्रवचनाला बसलेले गोविंदबुवा रोह्याकडचे. धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जाणारा माणूस, सप्ताहासाठी रजा टाकून आलेला. आवाज खणखणीत, पण बोलणं घरातल्यासारखं. त्या दिवशी ते दृष्टांत सांगत होते.

"एक गाव होतं," बुवा म्हणाले, "खाडीकाठचं. असंच, तुमच्यासारखं. बांधाला उघाडी. आणि एका भल्या माणसाच्या हातून उघाडीची झडप उघडी राहिली. मुद्दाम नाही हो. विसरला. घरी गेला, हातपाय धुतले, पाटावर बसला. पहिला घास तोंडात घातला आणि त्याला आठवलं. आता सांगा, तो उठला का?"

बुवांनीच मान हलवली.

"नाही उठला. घास गिळला त्यानं. तिकडं पाणी शिरलं, नि आळ आला भलत्यावरच. आणि हा आपला भला माणूस गप्प. अजून गप्प आहे. देवळात येतो, टाळ वाजवतो, पुढच्या रांगेत बसतो. त्याला वाटतं, देवाशिवाय कोणाला ठाऊक नाही."

एवढं बोलून बुवांनी पुढच्या रांगेकडं पाहिलं. सरळ हिरामणकडं. पापणीसुद्धा हलली नाही.

आता हिरामणला घाम का फुटला ते सांगायला हवं, आणि त्यासाठी उघाडी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. कासू स्टेशनात उतरून खाडीच्या अंगाला तासभर चाललं की साळखार लागतं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची खारी जमीन, मधे मातीचा लांबलचक बांध. त्या बांधातून पाणी काढून द्यायला दगडी मोरी, तिच्या खाडीकडच्या तोंडाला लाकडी झडप. हीच उघाडी. ओहोटीला झडप आपसूक उघडते, शेतातलं पावसाचं पाणी निघून जातं. भरतीला खाडीच तिला दाबून बंद करते. म्हटलं तर पाणी स्वतःच दार लावून घेतं, माणसाला काही करावं लागत नाही.

पण माणूस गप्प बसेल तर ना! भरती लागताना झडपेत लाकडाचा ठोकळा अडकवला की थोडं पाणी आतल्या ओहळात येतं, आणि पाण्याबरोबर कोलंबी, बोय, नशिबात असला तर जिताडा. मग ठोकळा काढायचा नि ओहोटीला जाळं लावायचं. हे कोणी करायचं याची गावानं पाळी लावलेली. वर्षभर एकाच घराची पाळी. मासळी त्या घराची नि झडपेची राखणही त्याच घराची. दुसऱ्यानं उघाडीला हात लावायचा नाही, हा नियम बापजाद्यांपासूनचा.

दीड वर्षामागं, शहाण्णव सालच्या आश्विनात, पाळी होती कान्हूची. कान्हू म्हणजे हिरामणच्या आळीतलाच, वयानं आठ वर्षांनी लहान. त्याचा बाभळीचा ठोकळा साऱ्या गावाला ठाऊक. त्याच्या बापानं केलेला, एका अंगाला तीन खाचा पाडलेल्या. कोजागिरीच्या दिवशी सकाळी कान्हूनं भरती लागताना ठोकळा लावला, घटकाभरानं काढला, बांधावर ठेवला नि पेणच्या बाजाराला गेला.

त्याच दिवशी हिरामणचा जावई यायचा होता. लेकीला बाळंतपणानंतर न्यायला, पहिल्यांदाच. जावयाला जिताडा नाही म्हणजे सासऱ्याची लाजच गेली, ही आमच्या खाडीकाठची समजूत. हिरामणनं दोन दिवस पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टाकून पाहिली होती, काही लागलं नव्हतं. सकाळी साडेआठला तो पाग घेऊन बांधावर गेला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. कान्हूचा ठोकळा तिथंच पडलेला. हिरामणनं इकडं तिकडं पाहिलं नि तो झडपेत अडकवला. फक्त पाच मिनिटं, असं तो मनाशी म्हणाला.

आणि नशीब बघा, पाचव्या मिनिटाला पागेत लागला की! चांगला दोन किलोचा, फडफडणारा जिताडा. हिरामणला एवढा आनंद झाला की त्यानं मासा गोणपाटात गुंडाळला नि घराकडं जी धूम ठोकली, ती मागं वळून पाहिलं नाही.

बारा वाजता पंगत बसली. जावयाच्या ताटात जिताड्याचं डोकं, हिरामणच्या ताटात शेपटाकडचा तुकडा. पहिला घास तोंडात गेला नि त्याला ठोकळा आठवला.

तो उठला नाही. जावयासमोर काय सांगून उठायचं? आणि आता धावलो तर सगळं गाव बघणार, विचारणार, तू उघाडीवर कशाला? बघू, जेवून जाऊ. असं म्हणत त्यानं घास गिळला, आणि तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. उधाणाची भरती, ऐन पौर्णिमेची. फुलोऱ्यातल्या भातात खारं पाणी मांडीइतकं चढलेलं. बावीस घरांचं पीक गेलं. त्यात हिरामणचंही गेलं, म्हणून तर त्याच्यावर कोणाचा संशय आला नाही. खारं पाणी एकदा शिरलं की दोन पावसाळे धुतल्याशिवाय जमीन गोडी होत नाही. म्हणजे पुढचं सालही बुडालंच.

इथवर झालं ती चूक. पुढचं झालं ते पाप, आणि हिरामणला ते पक्कं ठाऊक होतं. पाण्याचा जोर एवढा होता की ठोकळा उपसायला तीन माणसं लागली. त्या तिघांत हिरामण होता. ठोकळा वर आला, खाचा दिसल्या, आणि सगळ्यांच्या आधी हिरामणच बोलून गेला, "अरे, हा तर कान्हूचा!"

संध्याकाळी गावकी बसली. कान्हू पेणहून आला तो तसाच पंचांपुढं उभा राहिला. पहिल्यांदा म्हणाला, "मी काढला व्हता ठोकळा. बांधावर ठेवला व्हता." मग लोक ओरडले, मग कोणीतरी ओला ठोकळा त्याच्या पायाशी टाकला. कान्हूनं तो उचलला, खाचांवरून बोट फिरवलं. शेवटी म्हणाला, "असंल. माझीच चुकी असंल. माफी करा." पाच पंचांत हिरामण एक होता. तोही मान खाली घालून बसला होता, आणि लोकांना वाटलं, किती वाईट वाटतंय बिचाऱ्याला.

कान्हूची पाळी काढून घेतली. शेत खारं, खाडी बंद. कान्हू डोलवीच्या प्लांटवर कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली जायला लागला. सकाळी डबा घेऊन कोणाशी न बोलता निघायचा, तसाच परत यायचा.

आणि आता हे बुवा, धाटावहून आलेले, ज्यांचा साळखारशी काडीचा संबंध नाही, ते पहिल्या घासापर्यंतचं सगळं भर देवळात सांगत होते. हिरामणला घाम फुटला तो काही उगाच नाही.

प्रवचन संपल्या संपल्या तो तरातरा घरी आला. बायको शकू चुलीपुढं होती.

"बुवांना काय सांगितलंस गो तू?"

"मी? काय सांगितलं?"

"त्या कोजागिरीचं."

"कंच्या कोजागिरीचं?" शकूनं हातातलं उलथनं खाली ठेवलं. "अवो, मला ठाऊक असायला पायजे असं काय हाय त्यात?"

झालं! दीड वर्ष पोटात ठेवलेलं हिरामणनं स्वतःच्या तोंडानं बायकोच्या पदरात टाकलं. शकूनं त्याच्याकडं नीट पाहिलं.

"तो जिताडा," ती हळूच म्हणाली. "तुमी म्हणालात पेणच्या बाजारातला. पेणपासनं आणलेला मासा माझ्या हातात उडत व्हता. मी तेव्हाच इचारायला पायजे व्हतं."

"मग का नाय इचारलंस?"

"तुमी काय सांगाल म्हणून भ्यायले."

एवढं बोलून तिनं भाकरी उलटली. ती करपली होती.

चौथ्या दिवशी हिरामणनं पुढची रांग सोडली. पंचवीस वर्षं ज्या जागेवर बसून टाळ वाजवला ती सोडून तो खांबाच्या आड जाऊन बसला. पाठ दुखते म्हणाला. बुवांनी प्रवचन सुरू केलं, बोलता बोलता मान फिरवली, आणि नजर कुठं थांबली? बरोबर त्या खांबावर. पाचव्या दिवशी तो बायकांच्या मागं दाराजवळ बसला. बुवा म्हणाले, "जागा बदलून माणूस बदलत नाही," आणि दाराकडं बघितलं. हिरामणची पाचावर धारण बसली. त्याला वाटायला लागलं, सगळ्या गावाला कळलंय. दुकानात कोणी हसलं तरी तो दचकायचा. घरी शकू ताट वाढायची, पाणी द्यायची, त्या विषयावर चकार शब्द काढायची नाही, आणि ते न बोलणं त्याला जास्त जड जात होतं.

सप्ताहात बुवांचं दुपारचं जेवण रोज एका घरी असतं. कोणाकडं कोणता दिवस हे गुढीपाडव्यालाच फळ्यावर लिहिलेलं होतं. सहावा दिवस हिरामणचा. टाळता येण्यासारखं नव्हतंच.

बुवा आले, पाय धुतले, पाटावर बसले. शकूनं वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, ताक असं साधंच वाढलं. बुवांनी पहिला घास घेतला मात्र, हिरामणचा बांध फुटला.

"बुवा," तो म्हणाला, "मला एकच सांगा. तुमाला कोण बोललं?"

"कशाबद्दल?"

"उघाडीबद्दल. पयल्या घासाबद्दल. तीन दिस तुमी माझ्याकडं बघून बोलताय. मी खांबाआड बसलो तरी बघताय, दारात बसलो तरी बघताय. माझं जे काय व्हायचं ते व्हऊ दे, पण सांगणाऱ्याचं नाव सांगा."

बुवांचा हात ताटातच राहिला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांना लावला, आणि हिरामणला पहिल्यांदा पाहिल्यासारखं पाहिलं.

"हिरामणराव, प्रवचनाला बसताना मी चष्मा काढून ठेवतो. माणसं दिसली की मला बोलायला सुचत नाही. चष्म्याशिवाय मला तुमचा खांबसुद्धा दिसत नाही, तर तुम्ही कुठून दिसणार?"

"पण पयला घास?"

बुवांनी ताट थोडं पुढं सरकवलं. "तो माझा घास," ते म्हणाले. "नऊ वर्षं झाली. रात्रपाळीला मी ऑपरेटर होतो. टाकीचा खालचा व्हॉल्व्ह मी उघडला आणि बंद करायचा राहिला. सकाळी घरी आलो, बायकोनं पोहे दिले, पहिला घास घेतला आणि आठवलं. कंपनी काही लांब नव्हती. सायकलवर वीस मिनिटं. मी गेलो नाही. सगळं ॲसिड गटारात गेलं. हेल्परवर आलं ते. शिवा नाव त्याचं. त्याला काढून टाकला. त्यानंतर मी माळ घातली."

"मग ती उघाडी?"

"ज्या गावात जातो त्या गावचं करून सांगतो. डोंगरात गेलो तर गोठ्याचं दार सांगतो, कालव्याच्या गावात पाटाची फळी सांगतो. तुमच्याकडं उघाडी. लोकांना पटतं."

आता हिरामणला काय वाटावं? खोटं कशाला सांगा, पहिल्यांदा आनंद झाला! जीव असा भांड्यात पडला की विचारू नका. म्हणजे कोणाला काही ठाऊक नाही! शकू सोडली तर कोणाला नाही! तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली. त्यानं बुवांना आग्रह करकरून वाढलं, स्वतः दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. बुवा मात्र आता जेवत नव्हते, नुसतं बिरडं चिवडत होते.

ताक पिता पिता हिरामणनं सहज विचारलं, "आता असतो कुठं तो शिवा?"

"रोह्यातच. स्टेशनाबाहेर केळ्याची गाडी लावतो."

"मग भेट व्हत असंल."

"नाही. मी मागच्या बाजूनं रुळांवरून जातो. घर लांब पडतं, पण जातो."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं."

बुवा हात धुवून गेले. हिरामण ओसरीवर आडवा झाला. पोट भरलेलं, डोक्यावरचं ओझं उतरलेलं, डुलकी लागायला काहीच हरकत नव्हती. पण डोळ्यासमोर बुवाच दिसायला लागले, स्टेशनातून बाहेर न येता मागच्या बाजूनं रूळ ओलांडणारे. एवढा विद्वान माणूस. गावोगाव जाऊन चाळीस वेळा सांगितलं असेल त्यानं, माणसं रडवली असतील, आणि अजून त्याला केळ्याच्या गाडीपुढून जाता येत नाही! मग आपलं काय होणार? आपण तर टाळ वाजवणारे. आपल्याला दृष्टांतसुद्धा सांगता येत नाही. आणि कान्हू काही रोह्याला राहत नाही, चार घरं सोडून राहतो.

शकू उष्टं काढून बाहेर आली. आतून तिनं सगळं ऐकलं होतं.

"झोप लागली का?" तिनं विचारलं.

"नाय."

"उद्या काल्यानंतर गावकी हाय. पाळीची नवी यादी व्हणार. कान्हूभावजींच्या घराचं नाव कायमचं काढायचं म्हणतात."

"ठाऊक हाय गो मला."

"तुमाला ठाऊक हाय हे मला ठाऊक हाय," शकू म्हणाली नि भांडी घासायला गेली.

सातव्या दिवशी काला झाला. दहीहंडी फुटली, लाह्या-दह्याचा प्रसाद वाटला, बुवांना हार घातला. आणि तिथंच, देवळातच, गावकी बसली. गावकीचे यजमान जगनकाका, सत्तरीतला माणूस, गावात त्यांचा शब्द मोठा. कान्हू रात्रपाळी करून डोलवीहून थेट आला होता. हातात पिवळं हेल्मेट, चपलांच्या ढिगाजवळ उभा. कोणी त्याला आत ये म्हणालं नाही, आणि तोही आला नाही.

जगनकाकांनी यादी वाचली. पुढच्या बारा वर्षांच्या बारा पाळ्या, बारा घरं. वाचून झाल्यावर चष्म्यावरून बघत म्हणाले, "कान्हूच्या घराचं नाव यात नाय. ज्याच्या हातून उघाडी राखवत नाय, त्याच्या घराला पाळी नाय. कान्हू, तुला काय बोलायचंय?"

कान्हूनं मान हलवली. "नाय काका. माझ्या हातून झालं. मला काय बोलायचं नाय."

हिरामण उभा राहिला. त्यानं खांब धरला. तोच खांब.

"त्याच्या हातून नाय झालं," तो म्हणाला. "मी केलं. कोजागिरीला जावई यायचा व्हता. मला जिताडा पायजे व्हता. कान्हूचा ठोकळा बांधावर पडलेला, तो मी लावला. मासा मिळाला नि मी घरी पळालो. जेवताना आठवलं तरी उठलो नाय. मग ठोकळा काढला तेव्हा कान्हूचं नाव मीच पयलं घेतलं. पंच म्हणून बसलो तेव्हाबी बोललो नाय. बस. एवढंच हाय."

किती साधं बोलला! बुवांसारखा चढउतार नाही, थांबणं नाही, काही नाही. आणि मग एकदम गलका झाला. बावीस घरांची माणसं उठली. कोणी शिव्या घातल्या, कोणी अंगावर धावून आलं, एका म्हातारीनं हातातला प्रसाद त्याच्या पायाशी टाकला. बायकांत शकू उभी राहिली नि ओरडली, "जिताडा मी रांधला व्हता! मलाबी बोला!" तिला कोणी बोललं नाही. जगनकाका नुसते म्हणत राहिले, "हिरामण, तू पंच ना रे त्या दिवशी? तू पंच ना?"

गलक्यातून वाट काढत कान्हू पुढं आला. लोकांना वाटलं, आता हा मारणार. हिरामणलाही तेच वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते हवं होतं. त्यानं खांब सोडला.

पण कान्हूनं हात उचलला नाही. त्याचा चेहरा रागाचा नव्हताच.

"दादा," तो म्हणाला, "ठोकळा बांधावर व्हता?"

"व्हय."

"मी काढून ठेवला व्हता?"

"व्हय रे. झडप बंद व्हती. तू नीट बंद करून गेला व्हतास."

"नक्की? तू डोळ्यांनी बघितलास?"

"माझ्या हातांनी उचलला कान्हू. बांधावर, घायपाताच्या झुडपाशी."

"घायपाताशीच ठेवला व्हता मी," कान्हू म्हणाला, आणि मटकन खाली बसला. हेल्मेट घरंगळत गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेलं. "म्हणजे मी इसरलो नव्हतो."

गलका आपोआप थांबला.

"माझा बाप," कान्हू खाली बघतच बोलत होता, "शेवटी शेवटी सगळं इसरायचा. जेवलेलं इसरायचा. माझं नाव इसरला. मला वाटलं, मलाबी तेच लागलंय. मला तर चांगलं आठवत व्हतं, काढला ठोकळा, घायपाताशी ठेवला. पण सगळं गाव म्हणतं नाय काढला, मग आपल्याच डोक्यात बिघाड असणार. दीड वर्ष मी दाराची कडी चारचारदा बघतो. प्लांटवर क्रेनला इशारा द्यायचं काम देत व्हते, मी नाय घेतलं. म्हटलं, आपण इसरू नि माणूस मरंल. बायकोला सांगून ठेवलंय, मी तुला वळखलं नाय तर रडू नकोस."

आणि मग तो ढसाढसा रडायला लागला, पन्नाशीला आलेला माणूस, सगळ्या गावापुढं. हिरामणनं इतक्या दिवसांत पुष्कळ हिशेब केला होता. कान्हूची पाळी गेली, कान्हूचं नाव गेलं, कान्हूला प्लांटवर राबावं लागतं. यातलं काही त्याच्या हिशेबात नव्हतं. तो खाली वाकला, पण कान्हूनं त्याचा हात बाजूला सारला. "नको दादा," तो म्हणाला. "आता नको. दिवाळीला तुझ्या पाया पडत व्हतो मी." आणि उठून, हेल्मेट उचलून, कोणाकडं न बघता घरी गेला.

गावकीनं पुढं जे करायचं ते केलं. हिरामणच्या घराची पाळी बंद, पंचांतून नाव काढलं, टाळ परत घेतला. यादीत पहिलं नाव कान्हूचं घातलं. हिरामणनं कशालाच नाही म्हटलं नाही. या सगळ्यात गोविंदबुवा गळ्यात हार घालून व्यासपीठावर बसलेले होते, आणि त्यांच्याकडं कोणाचंच लक्ष नव्हतं. बुवांच्या डोळ्यांवर चष्मा होता.

बुवांना कासू स्टेशनवर पोचवायचं काम आधीच हिरामणकडं दिलेलं होतं. ते काढून घ्यायचं गडबडीत राहून गेलं. हिरामणनं बुवांची पिशवी नि वीणा उचलली नि दोघं उन्हातून निघाले. बांधावरून चालताना डावीकडं उघाडी लागली. ओहोटी होती, झडप उघडी होती. दोघांनीही तिकडं पाहिलं नाही.

स्टेशनात दोन-चार माणसं होती. बाकावर बसल्यावर बुवा म्हणाले, "तुम्ही मोठं काम केलंत, हिरामणराव."

हिरामणला ते ऐकवलं नाही. त्याच्या कानात अजून कान्हूचं रडणं होतं. कौतुक वगैरे ठीक आहे, पण त्याच्या डोक्यात वेगळंच काहीतरी घोळत होतं, आणि ते बोलल्याशिवाय त्याला राहवलं नाही.

"बुवा, त्या शिवालाबी असंच वाटत असंल."

"कसं?"

"व्हॉल्व्ह आपणच उघडा ठेवला, असं."

बुवा त्याच्याकडं बघत राहिले. नऊ वर्षांत चाळीस गावांत त्यांनी तो दृष्टांत सांगितला होता. भल्या माणसाचा घास, भल्या माणसाची झोप, भल्या माणसाचा देव. ज्याच्यावर आळ आला तो पुढं काय विचार करत असेल, ते त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. सुचलंच नव्हतं.

रोह्याची गाडी आली. हिरामणनं पिशवी नि वीणा आत दिली. बुवा दाराशी उभे राहिले. गळ्यातला हार त्यांनी काढून हातात धरला होता, त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नसावं.

"किती वाजता पोचते ही रोह्याला?" त्यांनी विचारलं. वर्षानुवर्षं सप्ताह आटोपून त्याच गाडीनं परतणारा माणूस.

"पाच-सव्वापाचला."

"सातपर्यंत असतो तो केळ्याच्या गाडीवर," बुवा म्हणाले.